दहा श्वासांना एक मणी: गडचिरोलीतील सहा दिवस

दिवस पहिला

नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. ‘पारंपरिक दाई’ हा विषय मी दर वर्षी एका तासात उरकत असे आणि त्या तासात फळ्यावर दोनच रकाने असत: दाईचे काय चुकते आणि ते आपण कसे सुधारायचे. तिला काय येते, असा तिसरा रकाना आखायचे मला कधी सुचले नाही, आणि वर्गातल्या एकाही मुलीने तो विचारला नाही. निवृत्तीनंतर दीड वर्षाने माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता धानोरा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. ती म्हणाली, “मॅडम, इथे एक आजी आहे. पोटावर हात ठेवून ती जे सांगते, ते पुढे सोनोग्राफीच्या कागदावर येते. तुम्ही एकदा याच.” सप्टेंबरात पाऊस ओसरेल या अंदाजाने मी निघाले. अंदाज चुकला, पण तो पुढचा भाग.

नागपूरहून एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी अशा वाटेने येताना नागभीडच्या पुढे दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू झाल्या, आणि आरमोरीच्या अलीकडे वैनगंगेच्या पुलावरून दिसणारे पाणी इतके गढूळ होते की शेजारच्या बाईंनी आपण होऊनच सांगितले, “वर लय पडला जी.” संध्याकाळी गडचिरोलीला पोहोचले. चंद्रपूरमधून वेगळा होऊन १९८२ मध्ये झालेल्या या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. गोंड आणि माडिया ही इथली मोठी आदिवासी वस्ती असून मराठीच्या जोडीला गोंडी, माडिया, छत्तीसगढी आणि दक्षिणेकडे तेलुगू कानांवर पडते.

रात्री मुक्कामी वहीत काही आकडे लिहून ठेवले. देशात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३८.७ टक्के होते आणि २०१९-२१ च्या पाहणीत ते ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रात तर त्या पाहणीत ते ९४.७ टक्के होते. दवाखान्यात बाळंतपण व्हावे म्हणून बाईला पैशांची मदत देणाऱ्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा त्यात मोठा वाटा आहे, आणि या बदलामुळे किती बाया वाचल्या असतील याची मला जाणीव आहे. घरी रक्तस्रावाने गेलेल्या बायांच्या कहाण्या मी वर्गात सांगत आले आहे. पण पंधरा वर्षांत इतके मोठे काम ज्यांच्या हातांतून काढून घेतले गेले, त्या हातांचे पुढे काय झाले, हे मात्र कुठल्याच पाहणीत विचारलेले नाही.

दिवस दुसरा

सकाळी धानोऱ्याच्या रस्त्याने चातगावजवळच्या शोधग्रामला गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तिचे हे ठिकाण. इथल्या रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव आहे. रुग्णालय बांधायच्या आधी आदिवासींनाच विचारले गेले, तेव्हा त्यांनी मोठ्या इमारतीची भीती सांगितली, पांढऱ्या कपड्यांची सांगितली (आमच्यात पांढऱ्यात मढे गुंडाळतात, असे ते म्हणाले), नातेवाइकांना बाहेर काढले जाते ही तक्रार सांगितली, आणि ज्या दवाखान्यात देव नाही तिथे माणूस बरा कसा होईल, असेही विचारले. म्हणून झोपड्यांसारखी बैठी घरे, सोबतच्या माणसांना राहायला जागा आणि देवीचे देऊळ. हे सगळे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. मी ज्यासाठी आले होते ती वस्तू मात्र तळहातावर मावेल एवढी होती.

ती म्हणजे श्वास मोजायचे यंत्र. यंत्र म्हणण्यासारखे त्यात काही नाही: एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्या शेजारी ओवलेले मणी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथे बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या दायांनाही त्यात घेतले गेले. बाळाचा श्वास मिनिटाला किती, यावर निदान ठरते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ आणि त्याहून मोठ्याला पन्नास ही धोक्याची रेघ. अडचण अशी होती की पुष्कळ दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. मी असते तर त्यांना आकडे शिकवायचा वर्ग काढला असता आणि महिन्याभराने ‘प्रशिक्षणार्थींचा प्रतिसाद अल्प’ असा अहवाल लिहिला असता. इथे त्याऐवजी यंत्रच दाईच्या मापाचे केले. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळाला औषध सुरू करायचे.

मी घटिका उलटी करून माझेच श्वास मोजून पाहिले. दुसऱ्या मण्याचे श्वास मोजत असतानाच वाळू संपली. त्या मिनिटात नजर पोटावरून हलत नाही, घड्याळाकडे बघावे लागत नाही, आणि मनगटी घड्याळ पाहत श्वास मोजणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींची जी नेहमीची चूक व्हायची, ती इथे होऊच शकत नाही.

या कामाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. या भागात ‘डब्बा’ आणि ‘लहाक’ असे शब्द आहेत. धापा टाकणारे, बरगड्या आत ओढणारे मूल पाहून बायका ते वापरतात. म्हणजे लक्षण ओळखलेले होते, त्याला नाव होते, फक्त त्यावर गोळी नव्हती. दायांना रोग शिकवावा लागला नाही, त्यांचा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द यांची सोयरीक लावून द्यावी लागली. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती आणि तिच्यावरचा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी अशी तपासणी जेमतेम ८ टक्क्यांचीच झालेली होती. आम्ही तो निबंध आकड्यांसाठी शिकवत असू. अंगावरून जाण्याच्या प्रकारांना, ओटीपोटातल्या दुखण्यांना बायांकडे किती नेमके शब्द असतात, याकडे माझे लक्ष इतक्या वर्षांनी गेले.

नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा इथला प्रयोग १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत झाला. बाळंतपण घरीच होत असे. दाई आणि गावातलीच आरोग्यदूत अशा दोघी तिथे हजर राहत. आईला दाईने सांभाळायचे, बाळाला आरोग्यदूताने, अशी कामाची वाटणी होती. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याची चर्चा झाली. २०११ पासून केंद्र सरकारने आशांमार्फत घरभेटींची ही पद्धत देशभर नेली. पण देशभर जाताना जोडीतली एकच बाई पुढे गेली. आरोग्यदूताची जागा आशाताईला मिळाली; दाई मात्र गावातच राहिली. याला तसे कारणही होते: प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा आटा जाहीरनाम्यात दायांना आरोग्यव्यवस्थेत जागा होती, पण नुसत्या दाईप्रशिक्षणाने मातामृत्यू हवे तसे उतरत नाहीत असे दिसल्यावर पुढच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचा भर ‘कुशल प्रसूतिसेविके’वर गेला आणि कुशलतेच्या त्या व्याख्येत दाई बसली नाही. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण दार लावताना आत काय राहिले, हे कुणी वळून पाहिले नाही, हे मला खुपते.

दिवस तिसरा

आज आलापल्लीमार्गे भामरागड आणि हेमलकसा गाठायचे ठरले होते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडियांमध्ये जे काम केले, ते लोकबिरादरीचे ठिकाण पाहायचे होते. सकाळी बसस्थानकावर कळले की पर्लकोटेला पूर आहे आणि गाडी पुढे जाणार नाही. चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “उतरला की जाईल.” कधी उतरेल, हे त्यांनी नदीवर सोडले.

दिवसभर खोलीत बसून पाऊस ऐकला. एक मात्र नीट समजले. ज्या दिवशी नदी गाडीला वाट देत नाही, त्या दिवशीही पलीकडच्या गावांत कळा थांबत नाहीत. अशा गावांसाठी ‘माहेरघर’ची सोय आहे: बाईने तारखेच्या आधी काही दिवस येऊन आरोग्य केंद्राजवळ राहावे, सोबत घरचे माणूस असावे. योजनेला माहेरघर हे नाव ज्याने दिले त्याला माहेर कळत असावे. पण तारीख चुकते, लहान मुले घरी असतात, रोवणी चालू असते, आणि नदी अचानक भरते. तेव्हा पलीकडे जे कोणी असेल तेच असते.

दिवस चौथा

विद्यार्थिनीने सुटी घेतली आणि आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून आजींच्या गावी गेलो. शेवटचे अंतर चिखलातून चालत काढले. गाव गोंडांचे, तीसेक घरांचे. अंगणे शेणाने सारवलेली आणि कुडांच्या भिंतींना मातीचा लेप. आजी ओसरीवर मोहाच्या बिया निवडत बसल्या होत्या. “जोहार,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बुटांकडे पाहून नातीला काहीतरी बोलल्या. नात गावची आशा आहे. ती हसून म्हणाली, “आजी म्हणते, बाईला आधी पाय धुवायला पाणी दे.” आजी मराठी समजतात, पण बोलतात गोंडीत, त्यामुळे पुढचे सगळे नातीच्या तोंडून.

थोड्या वेळाने सातवा महिना संपत आलेली एक बाई तपासायला आली. तिचे हे तिसरे. आजींनी साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, चुलीच्या धगीवर धरले, तळव्यांना मोहाच्या बियांचे तेल लावले आणि खाटेच्या कडेला बसून डोळे मिटले. मी चार टप्प्यांची तपासणी शिकवत असे: आधी वरचा भाग, मग बाजू, मग खाली. आजींनी बाजूंपासून सुरुवात केली. डावा तळवा स्थिर, उजवा हलका फिरता. मग उजवा स्थिर, डावा फिरता. बोटे कुठे रुतत नव्हती. पाण्यात बुडवलेली पाटी जेवढी हलेल, तेवढेच पोट हलत होते. मी विचारले, बाजू आधी का? उत्तर आले, “पाठ सापडली की बाकीचे बाळ आपोआप सापडते.” वर्गात हे वाक्य माझ्याकडे असते तर किती मुलींचे हात लवकर तयार झाले असते!

डोके वर होते. पायाळू. आजींनी बेंबीपासून वर आडवी बोटे ठेवून महिना सांगितला, विद्यार्थिनीने टेप लावली, २८ सेंटिमीटर भरले, आणि दोन्ही मापे जुळली. “अजून फिरेल,” आजी म्हणाल्या. “नाही फिरले तर ही आधीच गाडीने जाईल. फिरवायला मी हात लावत नाही.” आईने उंबरठ्यावर बसू नये, असाही सल्ला त्यांनी दिला; त्याचा बाळ फिरण्याशी काय संबंध, हे मला ठाऊक नाही, आणि सगळे काही आधुनिक शास्त्रात बसवून दाखवायची मला हौसही नाही.

कुठले बाळंतपण घरी धरत नाही, असे विचारल्यावर आजींनी बोटे मोडून तीन प्रकार सांगितले. ज्याचा हात आधी येतो ते आडवे मूल. पोटात न दुखता जिच्या अंगावरून रक्त जाते ती बाई. आणि जिच्या पायावर बोट दाबले की खड्डा राहतो, डोके दुखते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते ती. पहिले दोन सासूने शिकवले. तिसरे मात्र खूप वर्षांपूर्वी सरकारी दाईप्रशिक्षणात कळले, आणि ते कळण्याआधी गावातली एक बाई झटके येऊन गेली होती. हे सांगताना त्यांनी काही लपवले नाही. पूर्वी नाळेवर राख लावत असू, पहिला चीक पिळून टाकत असू, तेही त्यांनीच सांगितले. बाळ रडले नाही तर नाळ न कापता वार (गर्भाशयातून बाळामागून पडणारा, नाळेच्या दुसऱ्या टोकाचा भाग) शेकायची, हे त्या अजून बरोबर मानतात. मी तिथे ठामपणे नाही म्हटले. त्या एक-दोन मिनिटांत बाळाला हवा द्यावी लागते. आजींनी नातीकडे पाहिले, नात म्हणाली, “तेच मी सांगते आजीला.” आजींनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

आतल्या खोलीत आढ्याला एक जाड दोर टांगलेला होता. कळा देताना बाई उकिडवी बसून तो धरत असे, आजी पुढे बसत, मागून आई किंवा जाऊ पाठीला गुडघा देई. त्या दोराला आता मक्याची बियाण्याची कणसे बांधली आहेत. गेल्या चार वर्षांत या खोलीत दोनच बाळंतपणे झाली, दोन्ही पुराच्या दिवसांत.

माझे पहिले बाळंतपण शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात झाले. मी पाठीवर आडवी, पाय वर अडकवलेले, हाताला सलाईन, आणि माझी आई दाराबाहेर बाकावर. मी स्वतः नर्स असूनही उठून बसू का, असे विचारायची हिंमत झाली नाही, आणि पुढे कितीतरी वर्षे तेच मी मुलींना ‘योग्य स्थिती’ म्हणून शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत बाईला हवी ती स्थिती, उभी-बसलेलीसुद्धा, घेऊ द्या असे आहे. आवडीची सोबतीण जवळ असू द्या असे आहे. नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबा, असेही आहे. आजी वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसत. यावरून ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे कुणी म्हणू लागले तर त्यांना मी राखेची आठवण करून देईन. पण आजींना जे अधिक नेमके येते, ते या तिन्हींपैकी एकही नाही. ते थांबणे आहे. “घाई केली की फाटते,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या नोकरीत घरी सुई देऊन कळा वाढवल्यामुळे गर्भाशय फाटलेल्या दोन बाया मी पाहिल्या. दोन्ही वेळा कागदावर ‘दाईने केलेली प्रसूती’ असे लिहिले गेले, आणि दोन्ही वेळा सुई देणारा दुसराच कोणीतरी बोगस डॉक्टर होता.

निघताना मी नातीला विचारले, तू आजीकडून शिकतेस का? ती म्हणाली, “शिकायला बाळंतपण कुठे आहे मॅडम? मी बाईला गाडीत बसवते, फॉर्म भरते. हात ठेवायची पाळी येतच नाही.” दवाखान्यात पोहोचवण्याचे तिला मानधन मिळते, आजी सोबत गेल्या तर त्यांचा तो दिवस मजुरीविना जातो. पूर्वी त्यांना धान, लुगडे आणि कोंबडी मिळत असे.

दिवस पाचवा

मेंढा-लेखा हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल ग्रामसभेच्या ताब्यात आहे. निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि ठरवण्याआधी अभ्यास गटात बसून विषय फोडायची त्यांची जुनी सवय आहे. बाहेरच्या माणसाने काय विचारायचे आणि कशासाठी, हे आधी सांगावे लागते. मला ते आवडले. आमच्या कॉलेजातून दरवर्षी पाहणीला जाणाऱ्या मुलींना गावकऱ्यांनी असे एकदाही विचारले नव्हते.

परवानगी मिळाल्यावर एका जाणत्या गृहस्थांबरोबर रानात गेलो. कुडा, धावडा, बेहडा, शतावरी, बिबा. ते नावे सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते. कुंपणाजवळ ते थांबले. पानांची टोके शेजारच्या फांदीला वेटोळे घालून वर चढलेली एक वेल, आणि खालून पिवळी, वरून लाल झालेली, ज्वाळेसारखी वळलेली फुले. कळलावी. हे नाव मी लहानपणापासून भांडणे लावणाऱ्या शेजारणीसाठी ऐकत आले. फूल घरात आणले तर घरात कळ लागते, असे आमची आजी म्हणे. पण नावाचा मूळ अर्थ सरळ आहे: कळा लावणारी. तिचा नांगराच्या फाळासारखा वळलेला कंद उगाळून बेंबीवर किंवा तळपायांना लेप देतात आणि बाळंतपण झाले की लगेच धुऊन काढतात. पोटात मात्र कधी देत नाहीत. त्या कंदात कोल्चिसिन असते आणि थोडेसे पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो. लेपाने कळा खरोखर वाढतात का, हे मी सांगू शकत नाही. वाट दाखवणाऱ्या गृहस्थांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही. त्यांच्या मते खरी विद्या पुसण्यात आहे. “लावायचे कोणालाही येते,” ते म्हणाले, “कधी पुसायचे ते सुइणीला येते.”

‘ज्ञानाचे जतन’ म्हणून जे चालते, त्यात नेमकी हीच ओळ गळते. नोंदवहीत वनस्पती, भाग आणि उपयोग असे रकाने असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या आणि ते काम मोलाचेच आहे. वनहक्क कायद्याने तर अशा पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक बौद्धिक हक्कही मान्य केला. नोंद नसली तर काय होते, ते हळदीच्या प्रकरणात दिसले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. पण त्यासाठी छापील पुरावा लागला. ‘आमच्या घरी आजी लावते’ हा पुरावा होत नाही. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचे मोठे अंकीय (डिजिटल) ग्रंथालय उभे राहिले, त्यात मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतले ज्ञान आले. गोंडीत ग्रंथ नव्हता, म्हणून गोंड सुईण त्यात आली नाही. जैवविविधता कायद्याच्या २०२३ मधल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपातून, म्हणजे मिळालेल्या नफ्यातला वाटा ज्ञान राखणाऱ्यांना देण्यातून, सूट मिळाली. सुइणीच्या बाबतीत वाटायला मुळात लाभच नव्हता.

परतीच्या वाटेवर गृहस्थांनी कळलावीची आणखी एक गोष्ट सांगितली: पूर्वी ती गावाजवळ पुष्कळ होती, आता कंद खणून नेणारे बाहेरून येतात. मी वेलीची जागा वहीत लिहिली होती. रात्री ते पान फाडले.

दिवस सहावा

पहाटे चार वाजता विद्यार्थिनीने मला उठवले. माहेरघरातल्या एका बाईला कळा लागल्या होत्या, दुसरे बाळंतपण होते, आणि तिच्यासोबत त्याच आजी आल्या होत्या. केंद्राच्या नियमाप्रमाणे सोबतीण म्हणून एका नातेवाईक स्त्रीला आत घेता येते. आजी तिच्या आईच्या चुलत बहीण लागतात. म्हणजे पन्नास वर्षे बाळंतपणे केलेली ती बाई आत आली ती मावशी म्हणून. विद्यार्थिनीने नोंदीत तसे लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही.

पहिले तीन तास बाई चालत होती, खिडकीची दांडी धरून उकिडवी बसत होती, आणि आजी तिच्या कमरेला मुठीने गोल चोळत होत्या. विद्यार्थिनी दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकून कागदावर मांडत होती. एकदा ठोके ऐकायच्या आधीच आजींनी सांगितले की आता कूस बदलू दे; कूस बदलली, ठोके ऐकले, ठीक होते. शेवटी टेबलावर घेतले, पाठीला उशा देऊन अर्धवट बसवले. मुलगी झाली, लगेच रडली, आईच्या छातीवर ठेवली. विद्यार्थिनीने चिमटा हातात घेतला आणि थांबली. आजींनी दोन बोटे नाळेवर ठेवली होती. खोलीत कोणी बोलत नव्हते. मी सवयीने घड्याळ पाहिले. दोन मिनिटे आणि वर काही सेकंद. आजींनी बोटे उचलली, विद्यार्थिनीने नाळेला चाचपून पाहिले आणि चिमटा लावला. गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई तिने जन्मानंतर लगेच दिली होती. वार पंधरा मिनिटांच्या आत पूर्ण आली, रक्त बेताचेच गेले. आजींनी ती वार उलटसुलट करून, बोटांनी पाकळ्या जुळवून पाहिली आणि नर्सबाईंकडे समाधानाने बघितले. ही तपासणी मी स्वतः शिकवत असे, अगदी अशीच.

मग त्यांनी वार मागितली. घराच्या मागे पुरायची असते. ती पुरली की मूल त्या मातीचे होते. विद्यार्थिनी अडचणीत आली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वार पिवळ्या पिशवीत जाते, आणि केंद्र दूर असल्याने ती आवारातल्याच खोल खड्ड्यात पुरतात. घरी देता येत नाही. तिने हे मराठीत सांगितले, मग मोडक्या गोंडीत सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि विचारले, तो खड्डा कुठे आहे?

इमारतीच्या मागे, जाळीच्या कुंपणात, झाकणाला कुलूप. सफाई कर्मचाऱ्याने किल्ली आणली. आजींनी लुगड्याच्या गाठीतून चिमूटभर तांदूळ आणि हळदीचा एक तुकडा काढला, पिशवी आत जाताना ते वरून टाकले, आणि झाकण लागायच्या आधी तिथेच उभ्या राहून नर्सबाईंना विचारले, “आमचा गाव कोणत्या अंगाला येतो?” विद्यार्थिनीने क्षणभर विचार करून पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, रानाकडे हात दाखवला. आजी तिकडे तोंड करून वळल्या, गोंडीत हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि मग नळावर हात धुवायला गेल्या. साबण कोपरापर्यंत लावून, नखांतून काढून, अगदी प्रशिक्षणात शिकवतात तसा.